मिरवणुकीत गेलेली कुत्रेगाडी

मित्रांनो, माझ्या दारांवर होल्डर काउंटीचा सरकारी शिक्का आहे, म्हणून मला आळशी समजू नका. अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातल्या या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, प्राणी विभागाची मी जुनी कुत्रेगाडी. कारखान्यातून निघाले तेव्हा पांढरीशुभ्र होते, पाठीवर सहा पिंजरे आणि टपावर पिवळा दिवा. वासरापासून मगरीपर्यंत सगळे वाहून झाले. मगर कोणाच्या तरी न्हाणीघरात निघाली होती. तिने माझी स्टेपनी गिळली आणि ढेकरही दिला नाही. खोटे वाटत असेल तर मगरीला विचारा.

जनावरांबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती दोन पायांच्या जातीबद्दल. नाताळात पिल्लासाठी रडणारी ही जात उन्हाळ्यात तेच पिल्लू महामार्गावर सोडून सहलीला जाते. मग त्याला उचलायला मी.

या जातीचा अर्क म्हणजे आमचे संचालक क्लेटन व्हिप्पल. इथे येण्यापूर्वी ते गालिचे विकत. बुटाला कुत्र्याचा केस लागला तर त्यांना जेवण जात नसे. मला चालवायची ओपल स्टॅम्पर, रापलेली, फटकळ बाई. माझ्या पिंजऱ्यांच्या कड्या झिजल्याचे तिने सांगितले, तेव्हा व्हिप्पलनी एवढेच विचारले की ते बाहेरून दिसते का. दिसत नाही म्हटल्यावर विषय संपला.

आमच्या प्राण्यांच्या निवाऱ्यात वॅफल नावाचा थोराड तांबडा कुत्रा होता. हाक मारा, शीळ घाला, तो ढिम्म. व्हिप्पलनी त्याला हट्टी ठरवले आणि चार जुलैचा स्वातंत्र्यदिनाचा सण उलटला की त्याला कायमचे झोपवणारी सुई द्या, असा हुकूम सोडला. ओपलने त्याच्यासाठी पुष्कळ रदबदली केली. दगडाला पाझर फुटला असता.

चार जुलैला आमच्याकडे फटाक्यांचा कहर असतो. बिथरलेली कुत्री कुंपणे ओलांडून पळतात आणि दुसऱ्या दिवशी निवारा ओसंडतो. हे आमच्या खात्यात झाडूवाल्यालाही ठाऊक. व्हिप्पलना मात्र काउंटीच्या बोर्डापुढे मिरवायचे होते. त्यांनी मला सणाच्या मिरवणुकीत काढायचे ठरवले, माझ्या पाच पिंजऱ्यांत कुत्री भरली आणि त्यांच्या गळ्यात झेंडे बांधायला लावले.

"साहेब, आज कुत्री घरात कोंडायचा दिवस आहे," ओपल म्हणाली.

"लोकांना हसरी कुत्री आवडतात, ओपल."

"हसतील कशी? फटाके आहेत ते, गालिचे नव्हेत."

सहावा पिंजरा रिकामा दिसू नये म्हणून त्यात वॅफलला ढकलले.

बँकेच्या कोपऱ्यावर, बरोबर बोर्डाच्या मांडवासमोर, कोणीतरी लड लावली. पाच कुत्र्यांनी धडका दिल्या आणि माझ्या कड्या तुटल्या. एक बँडवाल्याच्या ढोलातून आरपार गेला, एक पाद्र्यांच्या सरबतातून पोहत गेला. एक तर शेजारच्या काउंटीत पोचला आणि पुढे बायको घेऊनच परतला. त्या हिसक्याने वॅफलचेही दार सताड उघडले होते. तो मात्र पंजे बाहेर लोंबकळत सोडून जांभई देत होता.

"एवढ्या धीराचा कुत्रा कोणी तयार केला?" बोर्डाच्या अध्यक्षा ड्रेक्सलबाईंनी विचारले.

व्हिप्पलनी पाच रिकामे पिंजरे पाहिले, घाम पुसला आणि म्हणाले, "मीच. रोज स्वतः शिकवतो."

चिखलात लोळणारी डुकरे मी वाहिली आहेत. त्यांना लाज असते.

ओपलने वॅफलच्या कानामागे टाळी वाजवली. कान हललाही नाही. तिला कळले आणि मलाही. बिचारा ठार बहिरा होता. तिने तोंड उघडले. खरे बोलली असती तर व्हिप्पलची शोभा झाली असती, आणि दुसऱ्या दिवशी सुई वॅफललाच टोचली असती.

"साहेबांचा फार जीव आहे हो त्याच्यावर," ती मोठ्याने म्हणाली. "आजच घरी नेणारेत कायमचा."

टाळ्यांचा कडकडाट झाला. ड्रेक्सलबाईंनी तिथल्या तिथे जाहीर केले की दर रविवारी चर्चनंतर त्या वॅफलला भेटायला जातील. व्हिप्पलचा चेहरा तेव्हा माझ्या टपावरच्या दिव्यासारखा पिवळा झाला.

पळालेली पाच पकडण्यात माझा आणि ओपलचा जुलै गेला. व्हिप्पलना अजून काही कळलेले नाही. ते वॅफलला रोज "बस" म्हणतात. तो आधीच बसलेला असतो, म्हणून ते खूश असतात.

तेव्हा मित्रांनो, फटाक्यांच्या दिवशी आपली जनावरे घरात घ्या आणि त्यांच्याजवळ बसा. हाकेला ओ न देणाऱ्याला हट्टी म्हणण्याआधी त्याला ऐकू येते का ते बघा. तुमच्या जातीकडून याहून जास्त अपेक्षा ठेवायला मी काही कालची गाडी नाही.