अकरा तास, थेट

ठमीचे वडील बसस्थानकात वाहतूक नियंत्रक होते. सदतीस वर्षं त्यांनी वेळेवर गाड्या सोडल्या आणि एकाही ड्रायव्हरची सबब ऐकून घेतली नाही. त्यामुळे लेक नोकरीसाठी परदेशी निघाली तेव्हा त्यांनी पगार विचारलाच नाही.

"किती तास?"

"अकरा."

"मध्ये कुठे थांबते?"

"थेट आहे, बाबा."

ही शुद्ध थाप होती. खरा प्रवास सत्तावीस तासांचा. आठ तासांचं एक विमान, मधल्या विमानतळावर सात तास ताटकळायचं, पुन्हा आठ तास आणि उतरल्यावर चार तासांचा रस्ता. पण बाबांच्या स्थानकातून सुटणारी सर्वांत लांबची गाडी अकरा तासांची होती. त्यापलीकडे गेलेलं माणूस त्यांच्या लेखी हातचं गेलेलं. आकडा ऐकून म्हाताऱ्याचा जीव भांड्यात पडला. "म्हणजे जेवून निघालीस की चहाला घरी," असं ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना ऐकवत सुटले. खरं फक्त धाकट्या भावाला ठाऊक होतं. सहा वर्षांत ठमी दोनदा घरी आली, तेव्हा अकराचा हिशेब जुळावा म्हणून दोघांनी मिळून बाबांना निघायची वेळच सोळा तास उशिराची सांगितली होती. नंतर स्वयंपाकघरात तोंड दाबून हसलेही होते.

भावाचा फोन आला तेव्हा ठमी कारखान्यात चष्म्याच्या काचा घासत होती.

"ताई, डॉक्टर घरी येऊन गेले. त्यांनी हात टेकलेत. मिळेल त्या विमानाने ये."

दुसऱ्या दिवशी सकाळचं तिकीट मिळालं. विमानात शिरता शिरता तिने फोन केला. भावाने तो बाबांच्या कानाला लावला.

"ठमे, बसलीस?"

"बसतेय, बाबा."

"अकरा तास ना?"

निदान आता तरी खरं सांगावं, असं तिला वाटलं. पण जीभ रेटेना. सत्तावीस ऐकून त्यांनी धीर सोडला तर?

"अकरा. थेट."

"मग थांबतो मी."

आठ तासांनी ती मधल्या विमानतळावर उतरली आणि फलकासमोरच्या खुर्चीत बसून राहिली. अकरावा तास तिथेच संपला. आसपासची माणसं सँडविच खात होती, पोरांना दटावत होती. थोड्याच वेळात फोन वाजला.

"तुझा फोन झाल्यापासून घड्याळ समोर ठेवायला लावलं होतं," भाऊ रडत म्हणाला. "पाणीसुद्धा घेईनात. अकरा तास भरले तसे म्हणाले, उतरली असेल, दार उघडून ठेव. मी उघडलं गं. त्यांचं मन राखायला म्हणून गेलो. परत येऊन बघतो तर..."

ठमीने डोळे मिटले. बाबांनी आयुष्यात दिलेली वेळ मोडली नव्हती, आजही मोडली नाही. सत्तावीस सांगितले असते तर हा माणूस सत्तावीस तास थांबला असता. वेळ चुकीची दिली ती तिने. तिला त्या खुर्चीत मोठ्याने रडू फुटलं आणि शेजारची बाई दचकून बाजूला सरकली.

"ताई, दार अजून उघडंच आहे," भाऊ म्हणाला. "लावून घेऊ?"

"नको," ती म्हणाली. "राहू दे. मला अजून सोळा तास लागतील."