पंख्यावरचा पुठ्ठा

“साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत.”

थोरलीने हे दारातून आत येता येताच सांगून टाकलं. बसा कोणी म्हटलं नाही आणि बसायला काही नव्हतं. कारखाने तपासणाऱ्या त्या कचेरीत खुर्ची एकच, आणि तिच्यात साहेब. साहेबांनी चष्म्यावरून आधी तिच्याकडे बघितलं, मग तिच्या हातातल्या पिशवीकडे.

“कोण तुम्ही?”

“रंगखोलीतली. रिमोटच्या खेळण्यातल्या गाड्या रंगवतो आम्ही. मागच्या महिन्यात आला होतात, चहा पिऊन गेलात. जाताना लिहून दिलंत, रंग पाण्याचे, हवा स्वच्छ, धोका नाही. मालकाने त्याची फ्रेम करून आमच्या डोक्यावर टांगलीय.”

साहेबांना काय आठवणार म्हणा. ते त्या खोलीत होते मोजून चार मिनिटं. थोरली तिथे सहा वर्षं होती. तिची धाकटी जाऊ तीन वर्षं. धाकटीचा हात हलका, रेघ सरळ, म्हणून थोरलीनेच तिला तिथे नेऊन बसवली होती. हेच आता थोरलीला आतून खात होतं.

त्या गाड्यांच्या बॉड्या काचेसारख्या आरपार प्लास्टिकच्या, नखाइतक्या पातळ. रंग द्यायचा तो आतून. म्हणजे सगळं उलटं. बाहेरून जे सगळ्यात वर दिसायचं ते आधी मारायचं: पहिल्या काळ्या रेघा, मग गडद रंग, मग फिका, शेवटी पाठीला पांढरा. पहिल्या हातात चूक झाली की ती कायमची तोंडावर, वरून कितीही थर चढवा. त्यात पाण्याचा रंग जाड मारला की ओघळतो. म्हणून रंग फवारणाऱ्या एअरब्रशने धुक्यासारखे सात-आठ हात द्यायचे, आणि प्रत्येक हातानंतर केस वाळवायच्या मशीनने वाळवायचं. धुक्यातलं निम्मं बॉडीवर बसायचं. उरलेलं निम्मं कुठे जातं ते कोणी विचारत नव्हतं. खोलीत बॉड्यांखेरीज बायकाच तर होत्या.

पूर्वी भिंतीत हवा बाहेर ओढणारा पंखा होता. तो चालू असला की दाराच्या फटीतून धूळ आत यायची. धुळीचा एक कण पहिल्या हाताखाली सापडला की गाडीच्या टपावर पुटकुळी आल्यासारखा दिसायचा. दोन खोकी गाड्या परत आल्या, तशी मालकाने पंखा बंद करून त्यावर पुठ्ठा ठोकला. दाराला बारीक जाळीचं कापड लावलं असतं तरी भागलं असतं. पण मालकाचं म्हणणं, गाडीला धूळ चालत नाही, बायकांचं काय, त्या घरी जाऊन अंघोळ करतात. बायका कुरकुरल्या तेव्हा त्याने सगळ्यांसमोर बाटलीत करंगळी बुडवली आणि चाटून दाखवली. “पाणी आहे गं पाणी.” मग मागच्या मोरीत जाऊन खाकरत, थुंकत बसला. थोरलीला ते खिडकीतून दिसलं होतं.

संध्याकाळी दोघी जावा घरी येऊन नाक शिंकरायच्या, आणि सासूबाई मोरीत डोकावायच्या. “आज लाल गाड्या होत्या का गं?” दीर म्हणायचा, “आमच्याकडे शेंबूडसुद्धा रंगीत, तुमच्याकडे आहे का?” सगळे हसायचे. थोरलीही हसायची. आता तिला त्या हसण्याची शिसारी येत होती. निळा शेंबूड, हिरवा कानातला मळ, उशीच्या अभ्र्यावर लाळेचा नारिंगी डाग. चांदीचा रंग असला की थुंकीत माशाचे खवले पोहावेत तसं चमकायचं. हे सगळं घरातल्यांनी चेष्टेत घालवलं होतं, सहा वर्षं.

मग धाकटीला खोकला लागला आणि जाईना. आता जिना चढताना ती चौथ्या पायरीवर बसते, तोंड उघडं टाकून, आणि वर हात करून सांगते की ताई, तुम्ही व्हा पुढे. डॉक्टर म्हणाले, ती हवा बंद करा. मालक म्हणाला, “तिला मुळातच दमा असेल. हवा स्वच्छ आहे, कागद आहे माझ्याकडे.”

तो कागद कसा झाला तेही थोरलीने बघितलं होतं. मालकाने साहेबांच्या हातात तयार गाडी दिली. बॉडीला बाहेरून चरे पडू नयेत म्हणून प्लास्टिकचा पापुद्रा चिकटवलेला असतो. साहेबांनी त्यावरून बोट फिरवलं, बोट बघितलं, स्वच्छ. “काहीच लागत नाही की.” रंग आतून असतो, एवढं म्हणायला धाकटीने तोंड उघडलं, तर मालकाने तिच्याकडे असं बघितलं की तिने ते मिटलं. साहेबांनी सही केली.

म्हणून काल थोरलीने एक कोरी बॉडी साबणाने धुतली आणि आपल्या स्टुलाजवळ, नाकाच्या उंचीवर, तारेला टांगली. पोकळ बाजू खोलीकडे. तिला कोणी एअरब्रश लावला नाही. संध्याकाळी उतरवली तर तिच्यातून पलीकडचं दिसेना.

तीच तिने आता पिशवीतून काढली आणि साहेबांच्या फायलींवर उताणी ठेवली. आत लाल, निळा, चांदी सगळं एकत्र होऊन बसलेला थर होता, शिळ्या मांसावर येतो तसा जांभळट करडा.

“ही कुठली गाडी?”

“कुठलीच नाही. हिला आम्ही रंगवलेलंच नाही. एक दिवस माझ्या नाकापाशी होती, बस.”

थोरलीने नखाने आतून खरवडलं आणि बॉडी उपडी करून टिचकी मारली. भुगा टेबलभर पसरला.

“अहो बाई, काय करताय काय. छी.” साहेब खुर्चीसकट मागे सरकले. “उचला ती घाण. कोण आहे रे बाहेर, फडकं आण.”

“फडकं कशाला? कोरडा आहे. फुंकर मारा, जाईल.”

साहेबांनी फुंकर मारली नाही. त्यांनी ओठ घट्ट मिटले होते.

“रंग पाण्याचा आहे,” ते ओठ जेमतेम हलवत म्हणाले. “बाटलीवर छापलंय तसं.”

“पाणी उडून जातं साहेब. मागे हे राहतं.”

“अर्ज द्या. बघू.”

“दोन दिलेत. त्या गठ्ठ्यात असतील, शोधा. मला आता ते ‘बघू’ नकोय.” थोरलीने दोन्ही हात टेबलावर टेकले, त्या भुग्यातच. “धाकटी सोमवारी कामावर परत येते म्हणतेय. मी नको म्हणून ऐकत नाही. सोमवारच्या आत तो पुठ्ठा निघून पंखा चालू होणार का? हो की नाही, तेवढं सांगा.”

साहेब भुग्याकडे बघत होते. त्यांचा चेहरा लाल व्हायला लागला होता.

“श्वास धरून किती वेळ बसाल साहेब? घ्या एकदा, आणि सांगा. हो की नाही?”