ट्रकवाल्यासाठी कोण उभं राहणार

ज्याच्या ट्रकखाली माझी बायको गेली, तोच माणूस दुकानात आला आणि म्हणाला, "काका, रविवारी माझा बाप्तिस्मा आहे. माझ्यासाठी उभे राहाल?"

मी वेताची खुर्ची विणत होतो. वेत हातातून सुटला.

आमच्या चर्चमध्ये मोठ्या माणसाचा बाप्तिस्मा असला की जुन्यांपैकी एकाने बाकावरून उठायचं. बोलायचं काही नाही. उठलं की झालं, तो आता आपला. कोणीच उठलं नाही, तर बाप्तिस्मा पुढे ढकलतात.

"दुसरं कोणी मिळालं नाही तुला?"

"विचारलंच नाही कोणाला. देवाने क्षमा केली असं पाळकसाहेब सांगतात. मला खरं वाटतं. पण तुमच्या दुकानावरून जाताना वाटत नाही."

तो गेल्यावर मी एकच ओळ विणत आणि उसवत बसलो. मग उठून पाळकसाहेबांकडे गेलो.

"शिक्षा भोगून आलाय. पश्चात्ताप खरा आहे," ते म्हणाले. "ख्रिस्ताने त्याच्यासाठीही प्राण दिला."

"मग ख्रिस्तालाच उभं करा की! मला कशाला?"

त्यांना हसू आलं, ते त्यांनी गिळलं. "बळजबरी नाही तुमच्यावर."

"साहेब, बायको माझी गेली. देवाने मला न विचारता क्षमा केलीच कशी?"

"तिलाही आपण त्याच क्षमेच्या भरवशावर मातीत ठेवलं ना?"

हे मला धड कळलं नाही. खोटंही म्हणता येईना.

घरी सांगितलं तशी लेक तापली. "बाबा, तुम्ही उठलात तर बघा! आई असती तर..."

"आई असती तर प्रश्नच नव्हता, बाई."

रविवारी ती तोंड फुगवून माझ्याशेजारी बसली. ट्रकवाला पुढे मान खाली घालून उभा होता. पाळकसाहेबांनी विचारलं, "याच्यासाठी कोण?"

कोणी हललं नाही. माझ्याकडे कोणी बघतही नव्हतं, तेच जास्त टोचत होतं. उठायचं मी ठरवलं नव्हतं, आणि बसून राहायचंही ठरवलं नव्हतं. आमची ही होती तेव्हा ती उठली की मी उठायचो. उपासनेचा क्रम मला कधी पाठच झाला नाही; गीताला उठायचं, एवढंच ठाऊक. तेवढ्यात पेटी वाजवणाऱ्या बाईंचा हात चुकून पेटीवर पडला, सूर निघाला. मला वाटलं, गीत सुरू झालं. मी उठलो.

एकटाच.

ट्रकवाला रडायला लागला. लेकीने माझा सदरा खाली ओढला. "बाबा, बसा!"

चूक झाली म्हणायला मी तोंड उघडलं. बाक मागेच होता, बसायला कितीसा वेळ लागतो? पण त्याच्या डोक्यावर पाणी पडेपर्यंत मी बसलो नाही. का, ते देवाला ठाऊक. मला नाही.

सदरा लेकीच्या मुठीत तसाच होता. ओढणं मात्र तिने थांबवलं होतं.