अडीच सेकंदांची शीळ

कौमुदीने कानांवरचा हेडफोन नीट बसवला आणि ते अडीच सेकंद पुन्हा ऐकले. बारीक, किनरी शीळ. टॅनेजर पक्ष्याचीच, वादच नको.

कोलंबियातल्या ढगांनी वेढलेल्या डोंगरावर झाडाला बांधलेलं यंत्र रानाचे आवाज टिपायचं आणि कौमुदी हायडेलबर्गला बसून ते ऐकायची. आठ महिने हेच चाललं होतं. पिवळ्या डोक्याचा, हिरव्या पाठीचा, निळ्या पोटाचा तो चिमुकला पक्षी त्या उतारावर अकरा वर्षांत कुणाला दिसला नव्हता. तो आहे असं सिद्ध झालं तर प्रकल्प आणखी दोन वर्षं चालणार, नाहीतर डिसेंबरात तिचा फेरट्राग, म्हणजे नोकरीचा करार, संपणार. मग आहेच र्युसेल्सहाइम. सिद्धांत, तिचा नवरा, तिथे गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर होता. दर शुक्रवारी बॅग भरून त्याच्याकडे जायला ती पार विटली होती, पण काम सोडून त्या घरात नुसतं बसणं तिला त्याहून नको होतं.

सकाळी तिने ती शीळ विभागप्रमुख हानेलोरेबाईंना पाठवली. ज्याची आनंदाची बातमी त्यानेच केक आणायचा, या इथल्या रीतीप्रमाणे तो खरं तर कौमुदीने आणायचा, पण एरवी न हसणाऱ्या बाई स्वतःच घेऊन आल्या. अहवाल सहापर्यंत धाडायचा, म्हणाल्या. सिद्धांत फोनवर म्हणाला, बरं झालं गं, कष्टांचं चीज झालं.

आता शिळेच्या मागचापुढचा मिनिटभर आवाज तपासायचा, एवढंच उरलं होतं. कौमुदीने डोळे मिटले. शीळ. पानांवरून गळणारं पाणी. पुन्हा शीळ, अगदी तशीच्या तशी. चिखलात रुतणारे पाय. मग कुणीतरी धापा टाकत म्हणालं,

"ये ना रे राजा एकदाचा. दमले मी आता."

तो तिचाच आवाज होता. फेब्रुवारीत यंत्राच्या बॅटऱ्या बदलायला ती स्वतः कोलंबियातल्या त्या डोंगरावर गेली होती. पक्षी साद देईल म्हणून तिने फोनवर टॅनेजरची पूर्वी टिपलेली शीळ वाजवली होती. वाजवली की वहीत लिहायचं, हा या कामातला पहिला धडा. पण तीन तास चिखल तुडवल्यावर तिला पेन उचलवेना, आणि ते राहिलं ते राहिलंच.

या इमारतीत मराठी कळणारं चिटपाखरूही नव्हतं. वाटेवरची कुणी बाई असेल, एवढं म्हटलं की भागलं असतं. मोह झाला, खोटं कशाला बोला.

हानेलोरेबाई अहवाल न्यायला आल्या. कौमुदीने हेडफोन त्यांच्यापुढे केला. बाईंनी उभ्याउभ्याच सगळं ऐकलं.

"ही कोण बोलतेय?"

कौमुदीने केकची बशी बाजूला सरकवली.

"मी," ती म्हणाली. "त्याला बोलावतेय. तो आला नाही."