पाठीवरचा शब्द

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. सुताराने मला इस्पितळाच्या व्हरांड्यासाठी घडवले. रंधा मारून झाल्यावर हात फिरवत तो स्वतःच म्हणाला, "झकास!" थकल्याभागल्यांना टेकू द्यायचे, एवढेच आपले काम, असे मला वाटले. पण मग रंगारी आला आणि त्याने माझ्या पाठीवर लिहिले, 'अर्धरक्त'. ज्यांच्या घराण्यात दोन वंश मिसळले, त्यांनी इथे बसायचे. समोर गोऱ्यांचा बाक. डॉक्टर आधी त्यांना तपासत. माझ्याकडची माणसे उन्हे कलेपर्यंत ताटकळत.

पुढे तो शब्द बरा दिसेना, म्हणून खोडून 'संकर' लिहिले. मग तेही खोडून 'मिश्रवंशी'. शब्द मऊ होत गेले, ताटकळणे काही सुटले नाही.

एके दिवशी एक इस्त्रीवाली तापाने फणफणलेल्या दोन मुलींना घेऊन आली. थोरली आजोबांवर गेलेली, गोरीपान. धाकटी आईसारखी सावळी. पहारेकऱ्याने दोघींना न्याहाळले.

"बाई, थोरलीला तिकडे बसवा, लगेच नंबर लागेल. धाकटी इथे थांबेल."

"आणि तोवर हिचा ताप थांबेल का, दादा?"

"नियम आहे. मी काय करू?"

"तुम्ही काही करू नका. मीच करते."

तिने बाह्या सरसावल्या आणि मला फरफटत नेऊन समोरच्या बाकाला भिडवले. दोघींना तिथे आडवे केले. तिकडचा एक म्हातारा कुरकुरला. पण धाकटीचे कपाळ त्याच्या हाताला लागले, तसा चटका बसल्यासारखा तो सरकून बसला. आवाज ऐकून डॉक्टर बाहेर आले.

"आधी कोण?"

"जिचा ताप जास्त, ती," म्हातारा म्हणाला.

धाकटीला आत नेले. आणखी उशीर झाला असता तर ती हाती लागली नसती.

दुसऱ्या दिवशी पहारेकऱ्याने मला जागेवर लोटले. औषधाला आलेल्या इस्त्रीवालीने पुन्हा ओढले. मग इतर बायकाही ओढू लागल्या. पहारेकऱ्याच्या नाकी नऊ आले. शेवटी वरून हुकूम सुटला आणि रंगारी चौथा शब्द घेऊन आला. बायका मला पाठ टेकून बसल्या होत्या.

"जरा उठता का?"

"नाही," इस्त्रीवाली म्हणाली. "तुमचं लिहून झालं की आम्हालाच वाचायचं असतं."

कोणी हलले नाही. रंगाच्या डब्यावर साय धरली, तेव्हा तो निघून गेला.

मित्रांनो, माझा एक पाय डुगडुगतो, तेवढा खिळा ठोकून घ्या. आणि शेजारी कोणी येऊन बसले, तर त्याला त्याचे नाव विचारा.