उठल्याचा नारळ

माझ्या नवऱ्याने आयुष्यात ताडीचा थेंब घेतला नाही, आणि तरी मी एक अख्खं वर्ष घरात बाटली शोधत होते. भाताच्या कणगीत हात घातला, कौलांखाली बघितलं, शेजारच्या शुक्रीच्या गोठ्यातसुद्धा डोकावून आले. आमच्या झरी गावात एखादा सकाळी तोल जाऊन चालला, बोलता बोलता शब्द विसरला, ताटावर बसल्या बसल्या भडकला, की लोक त्याचा एकच अर्थ काढतात. मी अंगणवाडी चालवते, दहावी पास आहे, पण मीही तोच काढला. शिकून काय उजेड पाडला म्हणा!

नवऱ्याचं नाव लाहू. वय त्रेचाळीस, त्यातली वीस वर्षं कबड्डीत गेली. तलासरीपासून सायवनपर्यंत कुणालाही ‘घोट्याचा लाहू’ विचारा. समोरचा चढाईला आला की हा कोपऱ्यातून साप सुटल्यासारखा जमिनीलगत सुटायचा आणि त्याचा घोटा धरायचा. धरला की सुटला नाही कधी. आता घोटा धरणाऱ्याचं डोकं कुठे असतं? दुसऱ्याच्या गुडघ्यापाशी. हे मला लग्नाआधी कुणी सांगितलं नाही, आणि नंतर मी बघितलं नाही. मी घोटा बघायचे आणि टाळ्या वाजवायचे. तसा खेळाडू मी पुन्हा पाहिला नाही, हे नवरा म्हणून नाही, खरं म्हणून सांगते.

आमच्याकडच्या सामन्यांत एक पद्धत आहे. खेळाडू डोक्याला मार बसून पडला की कप्तान तांब्याभर पाणी तोंडावर मारतो, कान चोळतो आणि विचारतो, “खेळतोस?” तो “खेळतो” म्हणून उठला की माईकवर त्याचं नाव पुकारतात आणि गावचं कुणी मोठं माणूस त्याच्या हातात नारळ देतं. उठल्याचा नारळ. अंतिम सामन्याच्या कपापेक्षाही त्याचा मान मोठा. लाहूचा कप्तान होता आमच्याच पाड्यावरचा उमेश, त्याचा लहानपणापासूनचा जोडीदार. उमेश विचारायचा, लाहू उठायचा, नारळ आमच्या घरी यायचा. मी चटणी वाटायचे, शेजारी अर्धा पाठवायचे, आणि दोन दिवस पाड्यावर मान वर करून फिरायचे.

खेळ सुटल्यावर लाहूने मुलींचा संघ उभा केला. मजुरीला जाणाऱ्या आयांच्या दारात बसून एकेक पोर मागून आणली. रोज चार वाजता मैदान, मग पाऊस असो की पाहुणे. त्यातल्या दोघी पोलिसात लागल्या. लाहूजवळ दुसरं काही नव्हतं, आणि दुसरं काही त्याला नकोही होतं. डोकं दुखून आंधळा व्हायचा, पण चार वाजले की शिट्टी गळ्यात.

बाटली सापडेना तेव्हा मी त्याला ओढत मोठ्या हॉस्पिटलात नेलं. यंत्रात डोकं घालून झालं. डॉक्टरीणबाई शांत होत्या. त्यांनी विचारलं, “डोक्याला कधी मार लागलाय?”

लाहू हसला. “कधी नाय लागला ते विचारा.”

“शुद्ध हरपून किती वेळा पडलात?”

त्याने माझ्याकडे बघितलं. त्याला आठवेना. मी बोटांवर नारळ मोजू लागले. बोर्डीचा, उधव्याचा, दिवाळीतले दोन. विसाच्या पुढे गेले आणि मला रडू कोसळलं. सगळे मी वाटून खाल्ले होते.

बाई म्हणाल्या, छातीठोक कुणी सांगू शकत नाही, पण असे मार वर्षानुवर्षं बसले की मेंदूला हळूहळू इजा होत जाते. गेलेलं परत येत नाही. डोकेदुखीला आणि झोपेला गोळ्या देता येतील, बाकी माणसांनी सांभाळायचं. आणि एक गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली: मार बसलेल्याला त्याच दिवशी परत खेळवणं सगळ्यात वाईट.

बाहेर आल्यावर लाहू म्हणाला, “जाने, कुणाला सांगू नको.”

“लोक तुला दारुडा म्हणतात रे!”

“म्हणू दे. पिणाऱ्याला संघावरनं कोण काढतो? अर्धं कबड्डी मंडळ पितं. डोकं गेलं म्हटलं, तर उद्या पोरी माझ्याकडं सोडतील का?”

मला असा संताप आला! पण त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. ताडी प्यालेल्या माणसाला आमचा पाडा हसून माफ करतो, डोक्याच्या दुखण्याला मात्र बिचकतो. म्हणून पुढचे आठ महिने मी जाणूनबुजून दारुड्याची बायको होऊन राहिले. शुक्रीने मला ताडी सोडवायचं मुळीचं औषध आणून दिलं. मी “बरं” म्हणून घेतलं आणि चुलीत टाकलं.

फेब्रुवारीत बोर्डीला अंतिम सामना होता. मागे चिकूच्या वाड्या, पुढे समुद्र, मध्ये आमच्या पोरी. शेवटची चार मिनिटं उरली होती आणि आम्ही एका गुणाने मागे होतो. आमचा सगळा भरवसा भारतीवर, म्हणजे उमेशच्या पोरीवर. सोळा वर्षांची, चढाईला गेली की दोघींना तरी बाद करून येणार. ती गेली, वळली, आणि समोरचीचा गुडघा तिच्या कानशिलावर बसला. आवाज मला बाकावर ऐकू आला. पोरगी पडली ती हलेचना.

उमेश तांब्या घेऊन धावला. पाणी मारलं, कान चोळले. “खेळतेस, भारती?”

“खेळते,” ती म्हणाली आणि उठली. टाळ्यांचा कडकडाट झाला. माईकवाला ओरडला, “झरीची वाघीण! उठल्याचा नारळ!” फेटेवाले एक आजोबा नारळ घेऊन निघालेसुद्धा.

त्यांच्या आधी लाहू पोचला. त्याने भारतीचा हात धरला. “आपण आज कुठं आलोय, पोरी?”

“सायवनला,” भारती म्हणाली. समुद्र तिच्या डोळ्यांसमोर होता.

लाहूने तिला बाहेर आणून माझ्या शेजारी बसवलं आणि बदली म्हणून योगिताला उठवलं. लोक खवळले. उमेश तर अंगावरच आला. “लाह्या, ती ठीक हाय! जराशी घाबरलीय. अशानं घालवशील सामना!”

“घालवीन.”

“सकाळपासूनच घेतलीस काय?” उमेश सगळ्यांदेखत ओरडला. मागून कुणीतरी, “दारुड्याला बाहेर काढा!” म्हणालं, आणि मग तेच बरेच जण म्हणू लागले. पंचही चुळबुळत घड्याळ बघू लागले.

मी उठणार होते. पदर खोचला होता, चार शिव्याही तयार होत्या. पण लाहू माईककडे निघाला. दोनदा तोल गेला, लोक हसले. त्याने माईक घेतला आणि थोडा वेळ नुसताच उभा राहिला. मला वाटलं, शब्द विसरला. देवा, आत्ता नको, म्हटलं.

“मी झरीचा लाहू,” तो म्हणाला. “मी ताडी घेत नाय. कधीच घेतली नाय. माझं डोकं खेळात गेलंय. डॉक्टरचा कागद जानीकडं हाय. कधी कधी मला माझ्या पोराचं नाव आठवत नाय. माझ्या घरी असे लय नारळ आले. मला पण विचारायचे, खेळतोस काय? मी खेळतोच म्हणायचो. दुसरं काय म्हणणार? म्हणून पडलेल्याला विचारू नका. त्याला बाहेर बसवा.”

माईक ठेवून तो भारतीपाशी येऊन जमिनीवर बसला. संघ त्याने स्वतःच्या तोंडाने घालवला होता, आणि ते त्याला कळत होतं. मला त्याचा इतका अभिमान आधी कधी वाटला नव्हता, एकाही नारळाच्या वेळी नाही.

उमेश तांब्या धरून तसाच उभा होता. “मीच विचारायचो,” तो म्हणाला. तेवढ्यात भारतीला भडाभडा उलटी झाली. मग मात्र बापाने तांब्या टाकला, लेकीला गाडीत घातलं आणि डहाणूला नेलं.

आम्ही दोन गुणांनी हरलो. मंडळाचा एक जण लगेच, “आता संघाचं बघावं लागेल,” म्हणाला. मी म्हटलं, “आधी स्वतःचं बघ, सकाळपासून तुझाच वास येतोय.” परतताना टेम्पोत उमेशचा फोन आला. भारतीला रात्रभर देखरेखीखाली ठेवणार होते, पण आता ती नीट बोलत होती. “जानीवैनी, लाह्याला सांग,” तो म्हणाला. “त्याला सांग, उद्यापासून चारला मैदानावर मी पण येतो. गुण मी लिहीन, नावं मी सांगीन. पोरी त्याच्याच.”

मी ते लाहूला सांगितलं. तो हसला, डोळे पुसले, आणि तलासरी येईपर्यंत बाहेर बघत बसला. मग त्याने विचारलं, “जाने, जिंकलो काय आपण?” मी सांगितलं, हरलो. त्याचं तोंड उतरलं. थोड्या वेळाने परत विचारलं, परत तेच. तिसऱ्यांदाही. समोरच्या पोरी खाली माना घालून बसल्या होत्या. चौथ्यांदा माझ्याच्याने ते तोंड बघवेना. म्हटलं, “हो रे बाबा, जिंकलो.”

त्याने माझ्याकडे रोखून पाहिलं. “खोटं नको बोलूस. भारतीला मी बाहेर बसवली. तिच्याशिवाय कशा जिंकतील?”