खुंटीची कावीळ

आमच्या घरात देवांची इतकी गर्दी, की लहानपणी मला वाटायचं, घर त्यांचंच आहे आणि आम्ही भाड्यानं राहतो. वडील उद्धव गुरुजी. सत्यनारायण, वास्तुशांत, मुंज, पत्रिका, काहीही असो, अकोल्याच्या जुन्या शहरात त्यांच्याशिवाय पान हलत नाही. आणि त्यांच्या पोटी मी. अनुपमा, अमरावतीच्या कोर्टात वकील आणि पक्की नास्तिक. "दिव्याखाली अंधार," असं आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. मी म्हणते, "आई, अंधारात बसलं का दिव्याची काजळी नीट दिसते." झालं, मग दोन दिवस बोलणं बंद.

मे महिन्यात एका सकाळी धाकट्या भावाचा, अद्वैतचा फोन आला. "ताई, जुईलीले कावीळ झाली. पण तू टेन्शन घेऊ नको, माळ आणली."

जुईली म्हणजे त्याची बायको. आठवा महिना लागलेला. माहेर चांदूर बाजारचं, पण आई नाही, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच करायचं ठरलं होतं.

"डॉक्टर काय म्हणून राहिले?" मी विचारलं.

"ॲडमिट करा म्हणतात. पण बाबा म्हणतात, आधी माळेचा गुण पाहू."

त्यावर मी जे बोलले ते छापण्यासारखं नाही. आमच्या एका अशिलाची बहीण अशीच आठव्या महिन्यात पिवळी पडली होती. आठवड्याच्या आत तीही गेली, पोटातलं लेकरूही गेलं. मी कोर्टातून रजा टाकली, मिळाली ती एस.टी. पकडली आणि भर उन्हात अकोल्याला उतरले.

ज्यांनी काविळीची माळ पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. कसल्याशा वेलीच्या हिरव्या काड्यांचे बारके तुकडे दोऱ्यात एकामागे एक बांधतात. पहिल्या दिवशी माळ एवढीशी असते, टोपीसारखी डोक्यावर ठेवतात. मग ती वाढत जाते. डोक्यावरून गळ्यात येते, गळ्यातून छातीवर, छातीवरून पोटापर्यंत. ती खाली येते तसतशी कावीळ अंगातून उतरते, असं म्हणतात. आमच्याकडच्या माळा नत्थुजी देतो. हिवरखेडच्या पुढे शेतात राहतो. आणि कोणाला कावीळ झाली, की लोक आधी आमच्या बाबांना विचारतात, "गुरुजी, नत्थुजीकडे कोणत्या वारी जावं?"

जुईली बैठकीत कूलरसमोर पडली होती. डोळे हळदीसारखे पिवळे, ओठ सुकलेले, डोक्यावर ती हिरवी माळ. मला पाहून हसायला गेली आणि उलटी आल्यासारखं तोंड करून वळली.

"बाबा, गाडी काढा. आत्ता," मी म्हटलं.

"अनु, आल्या आल्या वाद नको. नत्थुजीनं अर्ध्या अकोल्याची कावीळ उतरवली आहे."

"साधी कावीळ आपोआप उतरते बाबा. माळ घाला नाहीतर टाय घाला. गरोदर बाईची तशी उतरत नाही. ही मरंल!"

"शुभ बोल नाऱ्या!" आई स्वयंपाकघरातून ओरडली. "भरल्या घरात, दिवस गेलेल्या सुनेसमोर काय बोलून राहिली तू? जीभ आहे का काय आहे?"

अद्वैत मध्ये उभा. एकदा माझ्याकडे पाहायचा, एकदा बाबांकडे. इंजिनिअर आहे, मोटारीचा आवाज ऐकून बिघाड सांगतो. पण बाबांसमोर त्याच्या तोंडात मूग. जुईलीला मी विचारलं, तर ती हळूच म्हणाली, "बाबा म्हणतात तर आजचा दिवस पाहू ना ताई." मी वकील आहे. साक्षीदार घाबरलेला असला की तो काय बोलतो, ते मला कळतं. पण तिला उचलून तर नेता येत नव्हतं.

नत्थुजीनं एक जास्तीची माळ दिली होती, पहिली तुटली तर असावी म्हणून. ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवलेली होती. ती मी उचलली आणि माझ्या खोलीत नेली. माझी खोली गच्चीवर, वर टिनाचं छप्पर. मे महिन्यात तिथं पापड भाजावा. भिंतीत एक लाकडी खुंटी आहे, तिच्यावर ती माळ अडकवली. खरं सांगते, तेव्हा डोक्यात काही मोठा विचार नव्हता. राग होता. राग आला की मी पुरावा शोधते, ही माझी धंद्याची खोड.

लोक मला विचारतात, नास्तिक होऊन तुला काय मिळालं? जग फार स्वच्छ दिसायला लागलं का? कशाचं काय! आमच्या कोर्टाच्या बाररूममधला वकील चंद्रभान देव मानत नाही, पूजा दिसली की टिंगल करतो, आणि मोठी केस असली की तोच तो विटका कोट घालून येतो. म्हणतो, "हा कोट हरत नाही." देव काढून टाकला की डोकं आपोआप साफ होत नाही. ते रोज घासावं लागतं, पितळेच्या भांड्यासारखं. मला नास्तिकपणानं एकच गोष्ट शिकवली. जे आपल्याला हवंहवंसं दिसतं, त्याच्याकडे दुसऱ्यांदा पाहायचं.

सकाळी खाली आले तर सगळ्यांची तोंडं उतरलेली. जुईलीची माळ कपाळावरून हलली नव्हती. रात्रभर तिच्या अंगाला खाज सुटली होती. आई माझीच वाट पाहत होती.

"नत्थुजीले फोन केला मी," ती म्हणाली. "तो म्हणे घरात अविश्वासी माणूस असला का माळ अडते. अनु, तू आज अमरावतीले निघून जा."

"काय?"

"निघून जा म्हटलं. तुह्या अविश्वासापायी माह्या सुनेची कावीळ अडून राहिली. ती बरी झाली का ये, मी पुरणपोळी करीन तुले. पण आज जा."

मी बाबांकडे पाहिलं. ते जपमाळ ओढत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "जाच तू." अद्वैत कूलरमध्ये पाणी भरायला लागला. माझ्या बापाच्या घरातून मला हाकलत होते, आणि का, तर माझ्या मनात काय आहे ते एका काडीच्या माळेला कळलं म्हणून! डोळ्यांत पाणी आलं, खोटं काहून बोलू. ते कोणाला दिसायच्या आत मी धाडधाड जिना चढले.

पिशवी भरायला घेतली आणि खुंटीकडे लक्ष गेलं. माळ उतरली होती. काल खुंटीवरून वीतभर लोंबणारी, आज हातभर लोंबत होती. जवळ जाऊन पाहिलं. काड्या वाळून सुरकुतल्या होत्या, त्यामुळं दोऱ्याचे फास सैल होऊन ओघळले होते. एवढंच. भट्टीसारख्या खोलीत काड्या लवकर वाळल्या. खाली कूलरच्या ओल्या हवेत त्या वाळल्या नाहीत.

ती माळ घेऊन मी बैठकीत आले आणि सगळ्यांसमोर धरली.

"ही पहा. कालपासून माह्या खोलीतल्या खुंटीवर होती. जुईलीच्या माळेपेक्षा मोठी झाली. आता सांगा, कावीळ कोणाले झाली, खुंटीले?"

आईच बोलली. आई हरणारी नाहीच.

"खोलीत तू होती ना? मंग तुलेच असंल कावीळ!"

"बरं. मंग मलेही दवाखान्यात न्या. दोघींचंही रक्त तपासा. आणि दुसरं सांग आई, अविश्वासानं माळ अडते ना? त्या खोलीत तर रात्रभर सगळा अविश्वासच झोपला होता. तिथं कशी उतरली? अडायची होती तर तिथं अडायची होती!"

"अनुपमा!" बाबा उठून उभे राहिले. पूर्ण नाव घेतलं की ते खरे चिडलेले असतात. "श्रद्धेले कोर्टात उभं करू नये. उद्या तू पत्रिकाही खुंटीले टांगशील, देवही टांगशील."

"टांगीन. पण ते पुढचं पुढं. आज फक्त या पोरीचं बोला. कूलर बंद करा, तिची माळ घटकेत पायापर्यंत येईल. डोळे पांढरे होतील का? तुमी सांगा, बाबा. तुमच्या तोंडानं सांगा, होतील म्हणून. मी आत्ता निघून जाते."

'होतील' म्हणायला ते धजले नाहीत, जपमाळ घेऊन परत खाली बसले. खोटं बोलायची सवय नाही त्यांना, एवढं मी माझ्या बापाबद्दल छातीवर हात ठेवून सांगते.

तेवढ्यात जुईली उठून बसली. दोन्ही हातांनी डोक्यावरची माळ काढली आणि नीट घडी घालून उशीवर ठेवली. फेकली नाही.

"बाबा, माही श्रद्धा आहे. तुमच्यावरही आहे," ती म्हणाली. "पण रात्रीपासून लेकरू कमी फिरून राहिलं. मले भेव वाटते. मले दवाखान्यात न्या."

अद्वैत गाडीची किल्ली शोधायला धावला. ती त्याच्या खिशातच होती.

डॉक्टरांनी तपासलं, रिपोर्ट पाहिले आणि आम्हाला फाडफाड बोलले. लिव्हर थकलं होतं, रक्त गोठत नव्हतं, आणि लेकराला लवकर बाहेर काढावं लागणार होतं. "ॲडमिट करा सांगितलं होतं, मग लगेच का नाही आणलं? शिकलेली माणसं ना?" बाबांनी खाली मान घालून ऐकून घेतलं. शेवटी डॉक्टरांनी सुस्कारा सोडला. "आम्ही प्रयत्न करतो. बाकी देवाच्या हातात."

माझं डोकंच फिरलं. "नाही डॉक्टर. त्याच्या हातातून काढूनच इथं आणलं तिले. आता तुमच्या हातात आहे, तुमच्याच हातात ठेवा."

आई म्हणाली, "माय वं, काय बोलते ही!" डॉक्टर म्हणाले, "बरोबर आहे तुमचं." आणि आत गेले.

जुईली वाचली. मुलगी झाली, मूठभर, काचेच्या पेटीत ठेवावी लागली, पण रडणं असं की सगळा वॉर्ड जागा. आईनं पाच देवांना नवस बोलले होते. फेड बाई, मी म्हटलं, नारळ माझ्याकडून. त्या दिवसांत मी कोणाशीच भांडायला तयार नव्हते.

भांडण नंतर आलं. जुईली घरी आली तोवर गावात बातमी पसरली होती. नत्थुजी सांगत होता, "गुरुजीची सून मरणाच्या दारात होती, माह्या माळेनं उठून बसली." लोक येऊन बाबांना विचारायचे, "खरं का हो?" बाबा नुसतं "हं" म्हणायचे. ना हो, ना नाही. मी चिडले तर आई म्हणे, "जाऊ दे ना. घरची शोभा काहून करते?"

मी बारशासाठी आले होते, त्या दिवशीची गोष्ट. चार घरं सोडून राहणारी मंजुषा दारात आली. शाळेत शिक्षिका आहे. सोबत नवरा मनोज, रिक्षाला टेकून उभा, डोळे पिवळेजर्द.

"गुरुजी," ती म्हणाली, "यांना काहीच पचत नाही, सारखे झोपून असतात, काल तर बरळत होते. जुईलीला नत्थुजीच्या माळेचा गुण आला म्हणे. आत्ताच निघतो आम्ही. नत्थुजी घरी असतात ना?"

बाबा ओसरीवर बसलेले. आई त्यांच्याकडे पाहायला लागली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आतून आवाज आला.

"माळेनं नाही."

जुईली उंबऱ्यात उभी होती. लेकरू खांद्यावर, डोक्याला रुमाल बांधलेला. "माळेनं मी मरत होती, मंजुषाताई. दवाखान्यानं वाचली. यांना बरळताना पाहून तुम्ही हिवरखेडले कुठं चालल्या? थांबा, मी येते तुमच्यासोबत, डॉक्टर माह्या ओळखीचे झाले."

आणि तिनं लेकरू माझ्या हातात दिलं अन् पायात चप्पल घातली.

"अवं, कुठं चालली?" आई किंचाळली. "सव्वा महिना नाही झाला अजून! बाळंतीण उंबरा ओलांडते का कुठं?"

"ओलांडते," जुईली म्हणाली आणि ओलांडला.

बाबा उठले. एवढ्या लगबगीनं मी त्यांना कधी उठताना पाहिलं नव्हतं. ते जुईलीच्या आडवे उभे राहिले. मला वाटलं, आता अडवणार. मी लेकरासकट पुढे झाले.

"तू घरात जा," ते तिला म्हणाले. "मी नेतो."

रिक्षात मनोजच्या शेजारी बसले आणि ड्रायव्हरला दवाखान्याचं नाव सांगितलं. मंजुषा गोंधळून म्हणाली, "पण गुरुजी, माळ?"

"पोरी, ती माळ खुंटीलेही उतरते," बाबा म्हणाले. जुन्या शहराच्या त्या गल्लीत, चार दारं उघडी असताना, मोठ्यानं म्हणाले. "मी पाहिली. तू बस लवकर."